समोरच्याच्या वहीत

बँकेत माझी निम्मी नोकरी ताळमेळ लावण्यात गेली. आमच्या शाखेच्या खात्यात एक रक्कम, मुख्य शाखेच्या खात्यात तीच रक्कम आणि मध्ये कुठेतरी अडकलेला साडेबारा रुपयांचा फरक. तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही. त्यामुळे हॅम रेडिओचा परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा स्पर्धेचे नियम वाचले, तेव्हा त्यातली एक गोष्ट लगेच ओळखीची वाटली. इथे केलेला संपर्क नुसता आपल्या वहीत लिहून खरा ठरत नाही. तो समोरच्याच्या वहीतही, त्याच बँडवर, त्याच सुमाराला, बिनचूक नोंदलेला असावा लागतो. दोन वह्या जुळल्या तर गुण.

मला या छंदात ओढलं ते आमच्या साताऱ्यातल्या गल्लीतल्या तारकाकांनी. तार खात्यात उभी हयात काढलेला माणूस. देशातली तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, तेव्हा काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत कुणी त्यांचं खरं नाव घेत नसे. त्यांच्या माळवदावर बांबूला ताणलेली तांब्याची तार होती, खाली खोलीत रिग. मोर्स त्यांनीच शिकवलं. मी घाई करून पुढचं अक्षर आधीच ओळखायला लागले की ते की वाजवायची थांबवत. "अगं, तू ऐकत नाहीयेस, तू अंदाज बांधतेयस," म्हणत. तार घेताना एक शब्द अंदाजाने लिहिला तर कुणाच्या घरी काय पोहोचेल याचा नेम नसतो, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. कळलं नाही तर प्रश्नचिन्ह वाजवायचं आणि परत मागायचं. दहा वेळा मागावं लागलं तरी हरकत नाही.

मी भाग घेते ती मुख्य स्पर्धा सीक्यू वर्ल्ड वाइड. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजाची, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची. सलग 48 तास. वेळ जागतिक प्रमाणवेळेने धरतात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपली. पुढे साडेदहाला बँकेत हजर. देवाणघेवाण अगदी छोटी : आपला कॉलसाइन, सिग्नलचा रिपोर्ट आणि आपल्या झोनचा आकडा. या स्पर्धेत जगाचे 40 झोन पाडले आहेत. भारत 22 मध्ये, मात्र अंदमान 26 मध्ये. वेगळ्या खंडातलं केंद्र मिळालं तर तीन गुण, आपल्याच खंडातला दुसरा देश मिळाला तर एक, आपल्याच देशातलं केंद्र मिळालं तर शून्य. पण त्या शून्यातूनही नवा देश आणि नवा झोन म्हणून गुणकाला भर पडते, म्हणून पुण्याच्या किंवा बंगळूरच्या स्टेशनला प्रत्येक बँडवर एकदा तरी हाक मारावीच लागते.

साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर, दक्षिणेला अजिंक्यतारा. युरोपचा रस्ता वायव्येचा, तो त्यातल्या त्यात मोकळा. नोव्हेंबरच्या पहाटे स्पर्धा उघडते तेव्हा आपल्याकडे उजाडायचं असतं आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नुकती रात्र पडलेली असते. त्या संधिप्रकाशात 40 मीटरवर पलीकडचं जग थोडा वेळ इतकं जवळ येतं की शंभर वॅट आणि वीस मीटर तारेवर बोस्टनच्या बाजूचा माणूस उत्तर देतो. मग ऊन वर येतं आणि तो रस्ता मिटतो. ऑक्टोबरची स्पर्धा बरेचदा दिवाळीच्या आगेमागे येते. गल्लीभर एलईडीच्या माळा लागल्या की रिसीव्हरमध्ये नुसती घरघर. त्या माळा विझवायला मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. फक्त रात्री बारानंतर बसते.

आता त्या रिपोर्टविषयी. नियमाप्रमाणे समोरच्याचा सिग्नल कसा ऐकू येतोय ते कळवायचं. प्रत्यक्षात सगळं जग सगळ्यांना आवाजावर 59 आणि मोर्सवर 599 देतं. तेही 9 च्या जागी एन वाजवून, वेळ वाचावा म्हणून. खरखरीतून जेमतेम निघालेला माणूस, ज्याचा कॉलसाइन चार वेळा विचारावा लागला, त्यालाही 599. सुरुवातीला हे मला फार खुपलं. काकांना विचारलं, काका, हे सरळ खोटं नाही का? ते म्हणाले, "नमस्कार म्हणतेस तेव्हा दर वेळी वाकतेस का?" मला ते पटलं. हा आकडा दोघांनाही ठाऊक असलेला उपचार आहे, त्यातून कुणाची फसवणूक होत नाही. फसवणूक होऊ शकते ती पुढच्या आकड्यात. संगणकावरचा लॉग कॉलसाइन टाइप होताच झोन आपोआप भरतो. जर्मनी म्हटलं की 14. युरोपपुरतं ते बहुधा बरोबर निघतं. अमेरिकेचं तसं नाही. तिथे 3, 4 आणि 5 असे तीन झोन आहेत आणि कॉलसाइनमधल्या आकड्यावरून माणूस आज कुठे राहतो ते कळत नाही. यंत्राने 5 भरलेला असतो, कानावर 4 आलेला असतो आणि हात मात्र एंटर दाबून मोकळा होतो. पहिली काही वर्षं माझ्या लॉगमध्ये या चुका सर्वांत जास्त होत्या. आता आकडा ऐकेपर्यंत मी पडद्याकडे बघतच नाही.

लॉग तपासण्याची पद्धत बँकेच्या तपासणीपेक्षा कडक आहे, असं मी बँकवाली असून म्हणते. स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांत लॉग पाठवायचा. कागदाच्या जमान्यात तो एअरमेलने जायचा आणि त्याला महिनाभराच्या वर मुदत असे. आता कॅब्रिलो नावाच्या ठरावीक साच्यातली साधी फाइल जाते आणि जगभरातून आलेल्या फायली संगणक एकमेकींशी ताडून पाहतो. मी लिहिलेला माणूस, त्याने लॉग पाठवला असेल तर, त्याच्या लॉगमध्ये मला शोधतो. मी त्याचा कॉलसाइन चुकीचा लिहिला असेल तर तो संपर्क बाद, वर दंडाचे गुण वजा. त्याच्या लॉगमध्ये मी नसेनच तरी तेच. मोर्समध्ये एस म्हणजे तीन टिंबं, एच म्हणजे चार, 5 चा आकडा म्हणजे पाच. पहाटे तीनला, डोळे मिटत असताना, तीन की चार एवढ्यावर सगळं ठरतं. एकाच स्टेशनशी त्याच बँडवर दुसऱ्यांदा बोलणं झालं तर त्याला दंड नाही, उलट ती नोंद पुसू नका असं सांगतात. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मला हाक मारणाऱ्याकडे पहिली नोंद नसेल किंवा चुकीची असेल. "आपलं झालंय" असं म्हणून त्याला हाकलण्यापेक्षा परत आकडा देऊन टाकणं दोघांच्याही हिताचं.

काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल येतो. कुठल्या ओळी गेल्या, का गेल्या, खरा कॉलसाइन काय होता, सगळं त्यात असतं. शिवाय माझा कॉलसाइन कुणी काय ऐकला तेही. ती यादी मी सर्वांत आधी वाचते. तिथल्या चुकांत माझ्या हाताचा दोष कळतो. व्हीमधल्या तीन टिंबांची मी किती घाई करते, ते तिथे दिसतं.

2014 सालची गोष्ट. मोर्सची स्पर्धा चांगली झाली होती, चारशेच्या वर संपर्क. सोमवारी बँकेतून आल्यावर लॉग नजरेखालून घालायला बसले. काही कॉलसाइन विचित्र वाटत होते. एकेक इंटरनेटवर शोधला. असा कॉलसाइन कुणाला दिलेलाच नाही, पण एक अक्षर बदललं की त्या गावचा नेहमी स्पर्धेत दिसणारा माणूस सापडतो. अशा अकरा ओळी मी दुरुस्त केल्या. बँकेत बेरीज चुकली की दुरुस्त करतोच ना, हा मनातला हिशोब. लॉग पाठवायच्या आधी नियम पुन्हा वाचले आणि तिथे स्वच्छ लिहिलं होतं : स्पर्धा संपल्यावर कुठलीही यादी, ध्वनिमुद्रण किंवा पत्रव्यवहार वापरून लॉगमधले कॉलसाइन किंवा आकडे बदलता येणार नाहीत. मी हे पूर्वीही वाचलं होतं. वाचलं होतं आणि डोळ्यांआड केलं होतं.

बँकेत चुकीचा आकडा खरवडून काढत नाहीत, त्यावर रेघ मारून बाजूला सही करतात. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मी फायलीत थेट खरवडलं होतं आणि मूळ काय होतं त्याची प्रतही ठेवली नव्हती. अकरातल्या सात मला आठवल्या, चार आठवेनात. शेवटी लॉग चेकलॉग म्हणून पाठवला. म्हणजे इतरांच्या ताळमेळाला तो उपयोगी पडतो, पण आपण स्पर्धेत नसतो, आपल्याला क्रमांक नाही. त्या वर्षीच्या निकालात माझं नाव नव्हतं. का नाही, असं ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, त्यांना खरं ते सांगितलं. एकाने "एवढ्यासाठी?" म्हटलं. हो, एवढ्यासाठी. माझ्या कानाने तीन टिंबं ऐकली होती आणि मी चार लिहिली, कारण चार असायला हवीत हे मला नंतर कळलं. स्पर्धा ऐकण्याची होती, शोधण्याची नाही.

या खेळात सगळं समान कधीच नसतं. कुणाकडे 1500 वॅट आणि उंच मनोऱ्यावर फिरणारी अँटेना, कुणाकडे गच्चीवरची तार. त्यासाठी गट पाडलेले आहेत : शंभर वॅटपर्यंतचा वेगळा, पाच वॅटचा वेगळा. इंटरनेटवरून कोण कुठे ऐकू येतंय याची खबर घेणाऱ्यांचा निराळा. पण कुणी शंभर वॅट सांगून पाचशे सोडले तर ते कसं कळणार? वरच्या क्रमांकांसाठी झगडणाऱ्यांनी आता अख्ख्या स्पर्धेचं ध्वनिमुद्रण ठेवावं लागतं, समितीने मागितलं तर द्यावं लागतं. तरीही बरंचसं माणसाच्या बोलण्यावर सोडलेलं आहे. भूगोलाचं तर काहीच करता येत नाही. जिथून तीन गुणांची केंद्रं दाट आहेत तिथला माणूस जिंकणार. या विषमतेला कुणी मनापासून उत्तर दिलं असेल तर ते 1990 मध्ये सिॲटलला सुरू झालेल्या वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिपने. तिथे निवडलेल्या जोड्यांना एकाच प्रदेशात, सारख्या अँटेना आणि सारखी मर्यादित शक्ती देऊन बसवतात आणि प्रत्येक तंबूत एक पंच कानाला हेडफोन लावून सगळं ऐकत असतो. 2014 मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंडात अशा 59 जोड्या होत्या. त्यांचे लॉग नंतर पाहिले तेव्हा वाटलं, ऐकणं या एका गोष्टीचीच परीक्षा घ्यायची तर एवढा खटाटोप करावा लागतो.

आमच्या भागातल्या क्लबची 2 मीटर बँडवरची छोटी स्पर्धा काही वर्षं मी तपासत असे. रविवारी सकाळचे चार तास, चाळीसेक जण, कुणी घरून, कुणी पाचगणीच्या पठारावरून, कुणी कोल्हापूरकडून. जी तपासते तिने भाग घ्यायचा नाही, हा नियम मीच घालून घेतला. देवाणघेवाणीत अनुक्रमांक आणि ग्रिडचा चौकोन. एका वर्षी एका गृहस्थांचा अख्खा लॉग साडेपाच तास पुढे निघाला. त्यांनी भारतीय वेळ लिहिली होती. नियमात जागतिक वेळ स्पष्ट होती. एक जण म्हणाले, बाद करा. मी प्रत्येक ओळ साडेपाच तास मागे नेऊन पाहिली, एकूण एक जुळली. सगळीकडे सारखाच फरक म्हणजे घड्याळ चुकलं, माणूस नाही. मी तो लॉग धरला. ज्यांनी काळजीपूर्वक वेळ लिहिली होती त्यांतल्या काहींना ते आवडलं नाही आणि त्यांची नाराजी मला अजूनही पूर्णपणे अनाठायी वाटत नाही.

खरा पेच ग्रिडच्या चौकोनाचा झाला. या पद्धतीत पृथ्वीवर दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश असे चौकोन पाडतात. 74 अंशांची रेघ नेमकी सातारा शहरातून जाते. पश्चिमेचं सातारा एमके 67, पूर्वेचं एमके 77. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा, परवाना नवा कोरा, राहायला गावाच्या पूर्वेला, कोरेगाव रस्त्याकडे. त्याला कुणीतरी साताऱ्याचा चौकोन म्हणून 67 सांगितलेला. चारही तास तो बिचारा उत्साहाने 67 सांगत राहिला. तेवीस जणांनी 67 लिहिलं. दोघांनी 77.

बैठकीत बराच वेळ खल झाला. मुलगा खरोखर 77 मध्ये राहतो हे नकाशावर दिसत होतं, तेव्हा 77 लिहिणारे बरोबर आणि बाकीचे चूक, असं दोनतीन ज्येष्ठांचं म्हणणं. मी म्हटलं, ही भूगोलाची परीक्षा नाही. त्याने हवेत 67 सोडलं. ज्यांनी 67 लिहिलं त्यांनी ऐकलं. ज्यांनी 77 लिहिलं त्यांनी तो कुठे राहतो ते आठवलं. चूक मुलाची, त्याचा निकाल वेगळा लावू, पण ऐकणाऱ्याला ऐकल्याचेच गुण. अखेर तसंच ठरलं. 77 च्या दोन्ही ओळी काटायच्या.

त्या दोनांपैकी एक लॉग तारकाकांचा होता. त्यांच्या वळणदार अक्षरातला कागदी लॉग, संगणकाला ते कधी शिवले नाहीत. ती एक ओळ गेली की ते पहिल्यावरून तिसऱ्यावर जात होते.

निकाल कळवण्याआधी मी त्यांच्या घरी गेले. फोनवर सांगायचं धैर्य नव्हतं आणि फोनवर त्यांना नीट ऐकूही यायचं नाही. ओळ दाखवली. म्हटलं, काका, त्याने 67 सांगितलं होतं. तुम्ही 77 लिहिलंत. त्यांनी चष्मा पुसला, ओळ परत वाचली. मला वाटलं वाद घालतील, नकाशा काढतील. काकू चहा ठेवून आत गेल्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला ते ऐकूच आलं नव्हतं गं. पोरगा कुठे राहतो ते माहीत होतं, म्हणून लिहिलं." जरा थांबून म्हणाले, "दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली." आणि कागद माझ्याकडे सरकवून, "काट."

माझ्याच्याने तिथे त्यांच्यासमोर काटवेना. मी घरी येऊन लाल शाईने रेघ मारली, बाजूला सही केली. खालचं 77 स्पष्ट वाचता येत होतं.

त्यांनी पुढच्या वर्षी भाग घेऊ नये असं घरच्यांना वाटत होतं. मुलाने मुंबईहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते हेडफोनखाली शिट्टी मारायचं म्हणून काका काढून ठेवत. तरी ठरल्या रविवारी सकाळी त्यांचा आवाज बँडवर आला, पूर्वीपेक्षा संथ. आठवडाभराने त्यांचा लॉग हातात पडला. एकोणतीस ओळी. त्यांतल्या तीन ओळींत कॉलसाइन होता, वेळ होती, आणि चौकोनाच्या जागी फक्त एक आडवी रेघ. तिन्ही माणसं त्यांच्या ओळखीची होती. एक तर आमच्याच गल्लीतला, ज्याच्या गच्चीवरून काकांचं माळवद दिसतं.

नियमाप्रमाणे त्या तिन्ही ओळींचे गुण मला देता आले नाहीत. बाकी सव्वीस बिनचूक जुळल्या.